सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या दामले बाई

ठाकुर्लीला आमच्या मुलांच्या शाळेत नीला दामले बाई भूगोल शिकवतात. दर डिसेंबरात नववीच्या मुलांना घेऊन त्या शहाडला उल्हास नदीच्या काठावर उतरतात आणि आठवडाभर नदी धरून वर चालत जातात. बदलापूर, कर्जत आणि पुढे डोंगरातलं जंगल, थेट नदीच्या उगमापर्यंत. "आपल्या नळाचं पाणी कुठून येतं ते एकदा पायांनी बघावं," एवढंच त्यांचं म्हणणं. मुक्काम कधी देवळात, कधी गावच्या शाळेत, शेवटी जंगलात तंबू ठोकून. वाट मुलं शोधतात, पिठलं-भात मुलंच शिजवतात. बाई सगळ्यांच्या मागून चालतात. जिवाला धोका असेल तरच बोलायचं, एरवी नाही, हा त्यांचा नेम.

यंदा बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे ही मोहीम चालू ठेवायची की बंद करायची, यावर पालकसभेत बराच वाद झाला. वर्गातल्या हर्षितचे बाबा, रघुदादा, उभे राहून म्हणाले, "पोरां वाट चुकली तरी बाईंनी गप मागशी चालायचा, यो कसला शिकवना?" त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की एका आईने सोबत जाऊन बघून यावं, मग निर्णय घेऊ. माझी ऋजुता त्याच वर्गात, आणि मी घरीच असते, म्हणून मला धाडलं.

निघताना बाई मला म्हणाल्या, "जसं दिसेल तसं सांगा. माझी बाजू घेऊ नका."

तोवर बाईंना मी लांबूनच ओळखत होते. आता दिवसभर बरोबर. डोक्याला कानटोपी, पिशवीत आवळासुपारी, आणि कोणाच्या पायाला फोड आला की न विचारता पुढे येणारी मलमाची डबी. हर्षितने पहिल्याच संध्याकाळी भात करपवला. मुलं नाकं मुरडत होती, बाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. सकाळी मी जपाला बसले की त्या शेजारी येऊन टेकायच्या. "मी देवाधर्माची नाही हो," म्हणायच्या, "पण तुमच्याजवळ बसलं की बरं वाटतं." त्याला मी भक्तीच म्हणते, त्या काहीही म्हणोत.

कर्जतच्या अलीकडे एके ठिकाणी दोन प्रवाह मिळतात. एक चांगला भरून वाहत होता, दुसरा दगडधोंड्यांमधून बारीक धार होऊन येत होता. त्या दिवशी ऋजुता पुढारी होती.

"मोठी ती नदी, बारका तो ओढा," हर्षित म्हणाला. "सिंपल आहे."

"पण नकाशात नदी इथे वळलेली दाखवलीये."

"अगं, कागद काय बघतेस, पाणी बघ ना समोर."

सगळे हसले. ऋजुताने नकाशाची घडी घातली आणि मुलं मोठ्या पाण्याबरोबर निघाली. बाईंनी एकदा त्या बारीक धारेकडे पाहिलं, त्यावरून मी काय ते समजले.

"चुकली ना?" मी हळूच विचारलं.

"हो."

"मग सांगा की."

"ऊन बरं आहे, पाणी उथळ आहे, सगळ्यांकडे खायला आहे. कशाला सांगू?" थोडं चालून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत तर अडवणार नाही. आई आहात."

मी मनात रामरक्षा सुरू केली आणि चालत राहिले. एक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

दुपार कलली तेव्हा समोर तारेचं कुंपण आलं. आत वीजघर. डोंगरावरच्या धरणाचं पाणी खाली आणून, त्यावर वीज करून सोडत होते, तीच ही मोठी नदी. मुलांनी उगमाचं विचारलं तेव्हा तिथला पहारेकरी म्हणाला, "इथंच की. साहेबांनी बटन दाबलं की उगम, बंद केलं की खडक."

ऋजुता बाईंकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू तर नकाशा पाहिला होतास. तू का नाही थांबवलंस?"

तिने नकाशाची घडी पुन्हा उलगडली. म्हणाली, "सगळे हसले म्हणून."

"बरं," बाई म्हणाल्या.

मागे येऊन मुलांनी ती बारीक धार धरली. पुढे जंगलात पाण्याला पुन्हा फाटे फुटले. तिथे ऋजुताने सगळ्यांना खाली बसवलं, नकाशावर चार दगड ठेवले आणि एकेकाला बोलायला लावलं. एकाची नजर बाईंकडे गेली, तर हर्षितच म्हणाला, "तिकडे नको बघू रे, बाई म्हणजे कातळ. पाझर नाही." बाई खुदकन हसल्या. खूप भांडून मुलांनी वाट निवडली, ती बरोबर निघाली.

पण वाया गेलेला दिवस भरून आला नाही. उगमाचा कडा समोर दिसत असताना मागे फिरावं लागलं. मुलं भराभर तंबू गुंडाळत होती. बाई कानटोपी काढून त्या कड्याकडे बघत उभ्या होत्या. नोकरीतली ही त्यांची शेवटची खेप, हे तेव्हा कुठे मला खरं जाणवलं.

"चला," त्या म्हणाल्या, "बस चुकेल."

सभेत रघुदादांनी पहिलाच प्रश्न केला, "पोचलांव का?"

"नाही," मी म्हटलं. वीजघराचंही सगळं सांगितलं. कुजबुज सुरू झाली. बाई मागच्या बाकावर खाली मान घालून बसल्या होत्या. माझी बाजू घेऊ नका म्हणाल्या होत्या, पण दिसलं तेवढं तर सांगायलाच हवं. "त्या वळणावर एक शब्द बोलल्या असत्या तर बाईंना शेवटचं एकदा उगम बघायला मिळाला असता. त्या बोलल्या नाहीत."

रघुदादा मान खाजवत राहिले. मग म्हणाले, "आमचा हर्षित आल्यापासून कायपन सांगितला का इचारते, कशावरून? डोका खाल्लाय त्यानी." सभा हसली. "जाऊ द्या पोरांना. पन आता मागशी चालनार कोन?"

कोणी हात वर करेना. मग मी केला.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "गुडघे कसे आहेत तुमचे?"

"तसे कुरकुरतात."

"कुरकुरू देत," त्या म्हणाल्या. "गप्प राहता येतं तुम्हाला, ते मी पाहिलंय."