मगरीच्या तोंडातला हत्ती

हरेशने आयुष्यात एकही गोष्ट एका बैठकीत पूर्ण केली नाही. कथा ऐन रंगात यायची, ऐकणारे पुढे सरकायचे, आणि हा गृहस्थ उठून चपला शोधू लागायचा. "उरलेली नंतर," एवढेच म्हणायचा. आरंभिलेले पारायण अपुरे ठेवू नये, समाप्तीवाचून आसन सोडू नये, अशा संस्कारांत मी वाढलो. चाळीस वर्षे संस्कृत शिकवले. पण माझ्या सहनशीलतेची इतकी परीक्षा दुसऱ्या कोणत्याही शिष्याने पाहिली नाही.

तो केळव्याच्या मच्छीमार घरातला. थोरला भाऊ बोटीवर, धाकटा बोईसरला फिटर. हा ना जाळ्यात रमला, ना यंत्रात. आयटीआयला घातला, तर सहा महिन्यांत बाहेर. "गुरुजी, मशीनला गोष्ट सांगता येत नाय," हे त्याचे स्पष्टीकरण. अखेर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात पिंपे धुण्याच्या कामाला लागला. तिथे सुरक्षा अधिकाऱ्यांचे सकाळचे भाषण ऐकताना कामगार उभ्या उभ्या पेंगत. एके दिवशी ह्याने मध्येच तोंड घातले आणि गोष्ट सुरू केली. कोणी पेंगले नाही. तेव्हापासून पाळीआधीची दहा मिनिटे त्याची झाली. उत्तरेकडचे कामगार त्याला 'कहानीवाले' म्हणू लागले.

कथा न्यायला तो दर रविवारी माकुणसारला माझ्या ओटीवर हजर. मी शुद्ध कथा द्यावी आणि त्याने तिची काय दशा करावी! समुद्रमंथनात महादेवाचा कंठ निळा झाला, तो म्हणे मास्क लावला नाही म्हणून.

"अरे, ती करुणा आहे, निष्काळजीपणा नव्हे!" मी संतापून म्हणालो.

"करुणा हायच, गुरुजी. पन ते देव, त्यांनी पचवलं. आमच्या पिंपांवरच्या रामदुलारला पचनार हाय काय?"

एकदा त्याच्या आग्रहाखातर सकाळी कारखान्याच्या फाटकाशी गेलो. मगरीने पाय धरलेल्या हत्तीची कथा चालली होती. त्या हत्तीने देवाला घातलेली साद मी रोज स्नानानंतर म्हणतो, म्हणून हात जोडूनच उभा राहिलो. हत्तीचे बळ सरले, त्याने सोंडेत कमळ उचलले, डोळे आकाशाकडे लावले... आणि हरेश म्हणाला, "चलो, काम पे लगो. बाकी शाम को."

"मूर्खा," मी त्याला बाजूला ओढले, "देव येण्याआधीच थांबलास? आठ तास त्याला मगरीच्या तोंडात ठेवणार?"

"त्यानं हजार वर्सं काढली, गुरुजी. आठ तासांनी काय होतंय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "शेवट ऐकायचा तर सगल्यांना धडधाकट परत यायला लागतं. येक मानूस जरी कमी असला, तरी मी तोंड उघडत नाय."

त्याचे म्हणणे खरे होते. त्यामुळे राग अधिकच वाढला.

पुढे कारखान्याने फाटकाशी पडदा बसवला. कामगाराने त्यावर सुरक्षेची चित्रफीत पाहावी, पाच प्रश्नांची उत्तरे दाबावीत, अंगठा लावावा आणि आत जावे. गोष्टीचे काम उरले नाही. महिनाअखेरपर्यंत संगणक शीक, नाहीतर पुन्हा पिंपांवर जा, असे हरेशला सांगण्यात आले. मी स्वतः त्याला पालघरला एका क्लासमध्ये नेऊन बसवले. तिसऱ्याच दिवशी तिथल्या बाईंचा फोन. "गुरुजी, तुमच्या माणसाने सगळा वर्ग गोष्टीला लावलाय. मी शिकवू कधी?"

"हरेश, जग आता यंत्रांचे आहे रे," मी कळवळून म्हणालो.

"तुमी संस्कृत शिकवायचात, तवा कोनाचं व्हतं?"

तोंडाळ मेला!

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याने पडद्याशेजारी उभे राहून तीच हत्तीची कथा निम्मी सांगितली, आणि उद्यापासून पिंपांवर ये असे सांगून दुपारीच त्याला घरी पाठवण्यात आले. पाळी सुटली, पण फाटकातून कोणी हलेना. "हाथी छूटा क्या?" जो तो हेच विचारी. अधिकाऱ्यांनी मोबाइलवर शेवट शोधून मोठ्याने वाचला.

"वो तो हमको भी मालूम है, साहब," रामदुलार म्हणाला. "कहानीवाले को बुलाओ."

हरेश धाकट्याच्या स्कूटरवरून आला. नेहमीप्रमाणे आधी प्रत्येकाच्या समोर उभा राहिला, चेहरा नीट पाहिला, आणि मगच हत्तीला सोडवले. अंगठे पडद्याने केव्हाच घेतले होते. चेहरे कोणी पाहिले नव्हते. हे सारे मला त्या अधिकाऱ्यांनीच सांगितले. दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी पडदाही राहिला आणि हरेशही.

ह्या चैत्रात त्याला त्याच कामासाठी गुजरातमधल्या नव्या कारखान्यात बोलावले. निघण्यापूर्वी ओटीवर बसून त्याने एका नावाड्याची गोष्ट सुरू केली. वारा फिरलेला, किनारा दिसेनासा झालेला, नावेत पाणी शिरू लागलेले... आणि तो चपला शोधू लागला.

"अरे, मी ब्याऐंशीचा आहे! पुढे काय झाले ते सांगून तरी जा."

"उरलेली दिवाळीला, गुरुजी." तो वाकून पाया पडला आणि माझा चेहरा नीट पाहून घेतला. "तुमी हजर पायजे."

घरातल्या साऱ्या पोथ्या चाळल्या. तो नावाडी कुठेही नाही. हरेशवरचा माझा राग तसूभरही उतरलेला नाही. रक्तदाबाची गोळी मात्र, जी घ्यायला मी वर्षानुवर्षे टाळाटाळ केली, ती हल्ली पूजेइतक्याच नेमाने घेतो.