कळंबाचा रकाना

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर ते भावकीच्या तीन-चार ग्रुपवर फिरेल, मग मला फोन येतील, आणि माझ्याकडं तेवढा वेळ नाही. एवढंच सांगते, की भोर-वेल्ह्यात कुणाला ते सांगितलं की माणूस थांबतो, मान वाकडी करतो आणि विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? हिर्डोशीच्या अंगाला आमचं गाव, तिथं आमची चार घरं. खापरपणज्यापासून तिथंच भात लावतोय, तिथंच नाचणी खातोय आणि तिथंच मरतोय. पण गावाच्या लेखी आम्ही अजून नवीन. कालच्या संध्याकाळच्या एस्टीनं उतरलोय जणू.

गावच्या जत्रेत प्रत्येक आडनावाला एकेक मान आहे. कुणाचा पहिला नारळ, कुणाचा पालखीचा खांदा, कुणाची दिवटी. आमच्या आडनावाला दुसऱ्या दिवशी देवळापुढचं पटांगण झाडायचा मान. त्यालाही मानच म्हणतात, हा गावाचा मोठेपणा. माझे वडील हसत हसत खराटा घेऊन जायचे. म्हणायचे, जत्रा संपल्यावर देव एकटा असतो, तेव्हा भेटतो आपल्याला. पण थोरल्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, ते जन्मभर झोंबलं. आपलं आडनाव एवढंसं असणारच नाही, कुठंतरी आपलं मोठं गाव असणार, वाडे असणार, तलवारी असणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

तात्या एस्टीत कंडक्टर होते. म्हाताऱ्या माणसांनी अर्ध्या तिकिटासाठी आधारकार्ड पुढं केलं की तात्या वयाच्या आधी आडनाव बघायचे. आपलं निघालं की झालं. बाकीची गाडी तिकिटासाठी हात वर करून बसलेली आणि तात्या त्या म्हाताऱ्याच्या शेजारी टेकून त्याच्या आज्याची चौकशी करतायत. एकदा एका आजोबांचा थांबा या भानगडीत मागं राहिला. बिचारे पुढच्या फाट्यावर उतरून उन्हात चालत मागं गेले. पण कूळ सापडलं की नाही?

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन भोरला आले होते, शाळेत शिकवत होते. तात्यांनी माझ्याकडून महाराष्ट्राचा मोठा नकाशा मागून घेतला आणि घरात भिंतीवर चिकटवला. आपलं घर सापडलं की काकूंच्या पाकिटातली एक लाल टिकली नकाशावर. वेल्ह्याकडं दोन, भोंगवलीला पाच, किकवीला हायवेवर वडापाव विकणारं एक. मग धायरी, कात्रज, नवी मुंबई. मराठवाड्यात एका तालुक्यात तर टिकल्या इतक्या दाट झाल्या की नकाशाला गोवर आल्यासारखा दिसायचा. एक पोरगा अमेरिकेत निघाला, त्याची टिकली नकाशाबाहेर, भिंतीच्या चुन्यावर. काकू बऱ्याचदा बिनटिकलीच्या फिरायच्या, पण त्याची नोंद कुठं झाली नाही.

रिटायर झाल्यावर तात्यांनी पुस्तक काढायचं ठरवलं. आमच्या आडनावाचा समग्र इतिहास. अक्षर माझं बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. सगळं पुस्तक मी लिहिलं आणि त्यात मी नाही. लेकी लोकांच्या घरी गेल्या, त्यांचा आपल्या इतिहासाशी काय संबंध! हे वाक्यसुद्धा प्रस्तावनेत मीच लिहिलंय, जरा सभ्य भाषेत.

मूळ शोधायला आम्ही वेल्ह्याला एका फार म्हाताऱ्या माणसाकडं गेलो. त्याला सगळं पाठ. तो म्हणाला, तुमचा-आमचा मूळ पुरुष कोकणातून मिठाच्या गोण्या बैलावर घालून घाट चढून आला. वर आल्यावर बैल बसला तो उठेचना. मालकाकडं मोकळ्या हातानं जायची सोय नव्हती, म्हणून तो इथंच लोकांची शेतं करत राहिला. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा प्यायले, म्हाताऱ्याच्या पाया पडले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, लिही, उत्तरेकडून घोड्यावर बसून आले. मी लिहिलं. म्हाताऱ्यानं बैल बसवला, आम्ही घोडा उठवला.

इथवर ठीक होतं. घोड्यानं कुणाचं वाईट झालं नाही. वाईट झालं ते फॉर्ममुळं.

प्रत्येक घराकडून एक फॉर्म भरून घ्यायचा होता. नावं, धंदा, कुलदैवत आणि शेवटचा रकाना देवकाचा. लग्नात मांडवाच्या खांबाला आपल्या कुळाचं जे झाडपान किंवा पीस बांधतात, ते देवक. आमच्याकडं सोयरीक जुळवताना आधी तेच विचारतात. देवक एक असलं की पोरगा-पोरगी बहीणभाऊ, विषय संपला. तर हे फॉर्म भरायला बसले घरोघरचे पुरुष. आणि पुरुषांना काय माहीत असतं? त्यांना स्वतःच्या बनियनचा नंबर माहीत नसतो. निम्म्याहून जास्त फॉर्मवर त्या रकान्यात एकच उत्तर, माहीत नाही. तात्यांनी आपल्या फॉर्मवर कळंब, म्हणजे कदंबाचं झाड, लिहिलं होतं; मोठमोठ्या घराण्यांचं तेच असतं म्हणायचे.

मी तात्यांना विचारलं, हे रकाने रिकामे ठेवू का? त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले होते.

"म्हाईत न्हाई म्हंजी कळंबच की. एका रक्ताचं देवक दोन कसं असंल?"

म्हणून मी कळंब लिहिलं. एका घराला लिहिलं, दुसऱ्याला लिहिलं, दुपार उलटेपर्यंत मी सबंध महाराष्ट्रात कळंबाची लागवड केली होती. भोंगवलीच्या मंडळींनी फॉर्मवर स्पष्ट पंचपल्लव लिहिलं होतं, पाच झाडांची पानं. त्यांच्याकडं तात्या स्वतः गेले आणि समजावून आले की तुमच्यात मागं कुठल्यातरी सुनेनं घोटाळा केलाय. घोटाळा नेहमी सुनाच करतात. भोंगवलीकर म्हणाले, असंल बाबा. त्यांना त्या दिवशी कांदे भरायचे होते.

पुस्तक छापलं. समिती झाली. समितीला अध्यक्ष मिळाले, प्लॉटिंगचा धंदा करणारे. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर आमचं आडनाव आलं, वर घोडा. दरवर्षी संमेलन सुरू झालं, तात्यांना शाली मिळायला लागल्या. पटांगण झाडणाऱ्या माणसाला लोक माइकवर 'इतिहासकार' म्हणू लागले. मी हसत होते, पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मलाही बरं वाटायचं.

तात्यांची धाकटी लेक पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. तात्यांनीच तिला पुस्तकांचा गठ्ठा देऊन धायरीला आपल्या आडनावाच्या एका घरी धाडलं. मराठवाड्यातून आलेली माणसं, आई-वडील आणि एक मुलगा, मुलगा औषधांच्या दुकानात. पुस्तकं पाच मिनिटांत देऊन झाली. पण बाई त्यानंतर दर रविवारी पुस्तकं द्यायला जात राहिली. वर्षभरानं तिनं मला सांगितलं. मी कपाळावर हात मारला तर म्हणते, ताई, एक फायदा बघ, आधारकार्ड बदलायला नको.

घरी सांगितलं त्या दिवशी मी तिथंच होते. तात्यांनी पुस्तक आणलं, मुलाच्या घराचं पान उघडलं आणि पोरीपुढं धरलं. देवक, कळंब. आपलं देवक, कळंब. भाऊ आहे तो तुझा, म्हणाले. पोरगी म्हणाली, त्यांच्या आईनं सांगितलंय, त्यांच्यात मोराचं पीस असतं, त्यांच्या लग्नात तेच होतं. तेवढ्यात काकू आतून भाकरीचा हात तसाच घेऊन आल्या. म्हणाल्या, आपल्यातबी कळंब न्हाई, उंबर आहे. माझ्या लग्नात उंबराची डहाळी होती, आणि दोन्ही दिरांच्या लग्नाला तर मीच ती खांबाला बांधली.

तात्या म्हणाले, छापून झालंय आता. काकू भाकरी करपेल म्हणून आत गेल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, की ते 'कळंब' कुठून आलं. 'कळंब मी मनानं घातला' एवढं तात्यांनी म्हटलं असतं तरी प्रश्न सुटत होता. पण एक पान खोटं निघालं की लोक दुसरं उघडणार, दुसऱ्यानंतर तिसरं, आणि मग घोडा, तलवारी, शाली सगळं मुसळ केरात. अध्यक्षांचाही फोन आला. भावकीत भावकीतच लग्न लावाल तर आमच्यापैकी कुणी तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही, आणि उद्या आपल्या आडनावाच्या पोरी कोण करून घेणार? स्वतःच्या मुलाचं लग्न त्यांनी कुठं आणि कसं लावलं ते साऱ्या तालुक्याला माहीत आहे, पण जाऊ दे.

पोरगी रडली नाही. तुमच्या मनाविरुद्ध काही करणार नाही, म्हणाली, पण दुसरं कुणी दाखवायचं नाही. आणि पुण्याला गेली. महिन्यातनं दोनदा येणारी पोरगी गणपतीला आली नाही, दसऱ्याला आली नाही. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की संमेलनापर्यंत वाट बघतो, त्यानंतर आम्हाला दुसरीकडं बघावं लागेल. त्यांचंही बरोबर होतं, मुलगा तिशीला आला होता.

मी तात्यांना एकदा सरळ म्हटलं, की सांगून टाका. तुमच्या हट्टापायी लेकीचं वाटोळं होतंय. ते खाटेवर बसून नकाशाकडं बघत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "अक्षर कुणाचं हाय त्या रकान्यात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तावातावानं उठून बाहेर आले. एस्टीला दीड तास होता, म्हणून रस्त्यानं चालायला लागले. आणि चालता चालता राग उतरला तेव्हा कळलं, की राग यायचं कारण ते खोटं बोलले हे नव्हतंच. अक्षर माझंच होतं. मी शाळेत पोरांना शिकवते की माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, आणि तिथं बसून दुपारभर कळंब लिहीत होते, का तर चुलत्यांना वाईट वाटू नये म्हणून. लाज वाटली मला.

संमेलन हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. बाहेर फ्लेक्स, फ्लेक्सवर घोडा, घोड्याच्या पोटाखाली देणगीदारांचे फोटो. तात्या स्टेजवर, खांद्यावर नवी शाल. पुरुष पुढं, बाया मागं पंखे नसलेल्या बाजूला. धायरीची तिघंही आली होती, कोपऱ्यात बसली होती. पोरगी ड्युटी टाकून आली होती, ती आईशेजारी. अध्यक्षांनी भाषणात विषय काढलाच. नाव न घेता, म्हणजे सगळ्यांना कळेल असा. पुस्तक उघडून दोन्ही पानं वाचून दाखवली आणि म्हणाले, ज्यांनी आपल्याला एक केलं त्या आमच्या इतिहासकारांनीच आता स्वतःच्या घरात याचा निकाल द्यावा.

तात्या उठले. माइक हातात घेतला. कंडक्टरकी केलेला माणूस, भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज जायचा. तो आवाज निघेना. मला वाटलं, आता भावकीची बाजू घेणार. पोरगी जमिनीकडं बघत होती.

"ह्या पोराच्या बापानं म्हाईत न्हाई असं लिवलं व्हतं," तात्या म्हणाले. "कळंब म्या घातला."

अध्यक्ष सावरून घ्यायला पुढं आले. एखादी नजरचूक होते, म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. वाट सोपी होती. तात्यांनी मान डोलावली असती तरी लग्न झालं असतं, शालही राहिली असती. पण मागनं कुणीतरी विचारलं, की मग बाकीच्या पानांचं काय?

"बाकीचंबी म्याच. माजं सोताचंबी."

सभागृहात जी पानं उलटायची सळसळ सुरू झाली ती काय सांगू. भोंगवलीकर उभे राहिले, आमचं पंचपल्लव खरं होतं की वो, म्हणाले. दोन घरांनी तिथंच वर्गणी परत मागितली. अध्यक्ष घोड्याच्या फ्लेक्सखाली उभे राहून शांतता, शांतता करत होते. मी उठले आणि मोठ्यानं सांगितलं, की लिहिणारी मी आहे, मलाही विचारा. कुणी विचारलं नाही. लेकी लोकांच्या घरच्या ना.

तात्या स्टेजवरून उतरले. माइकची वायर ओढत, पुरुषांच्या रांगा ओलांडून मागं बायांच्यात गेले आणि काकूंपुढं थांबले. चाळीस वर्षांत मी त्यांना काकूंना चारचौघांत हाक मारताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही मारली नाही. नुसता माइक त्यांच्यापुढं धरला.

"हिला इचारा. हिनं सांगितलं व्हतं, म्या ऐकलं न्हाई."

काकूंनी पदर सारखा केला. माइक कसा धरतात ते त्यांना माहीत नव्हतं, तात्याच धरून होते. काकूंनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग शेजारच्या लेकीकडं. ती आता मान वर करून बघत होती. कोपऱ्यातली मुलाची आई उठून उभी राहिली होती.

"आमचं उंबर," काकू म्हणाल्या. "त्येंचं मोराचं पीस. आवंदाच लगीन धरा."