मागच्या दाराची कडी

तळोद्याहून रोज मला नंदुरबारला नेणाऱ्या जीपवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जीप भरेपर्यंत तो मागच्या दाराची कडी उघडून-लावून बघायचा.

त्या सकाळी माझ्या मांडीवर दोन नेटवर्क स्विचची माहितीपत्रकं होती. आमच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर वाढले होते. दोन्ही स्विचना सर्व्हरच्या तारा जोडायचे पोर्ट तितकेच; फरक फक्त बाहेर जाणाऱ्या वाटेचा, म्हणजे अपलिंकचा. मागच्या खेपेला नुसते पोर्ट मोजून मी सगळं ऑफिस तुंबवलं होतं. दहाच्या मीटिंगमध्ये पुन्हा चुकलो, तर नोकरी जाणार होती. तीन आठवडे तुलना करून डोकं बधिर झालं होतं.

"काय वाची ऱ्हायनात, भाऊ?" जीपवाल्यानं विचारलं.

मी कंटाळून सगळं सांगितलं. त्यानं शेजारच्या जीपकडे मान वळवली. "तेन्ही गाडीमां बी तितल्याच सीटा शेतस. पन मागलं दार जाम शे. बसाडाले कोनीबी बसाडस, भाऊ. लोके कसा उतरतीन, ते पहा."

मी मोठ्या अपलिंकच्या स्विचवर खूण केली. मग घड्याळ पाहिलं, आणि त्याची जीप भरायची वाट न बघता शेजारच्या भरत आलेल्या जीपमध्ये घुसलो. अगदी आत.

माझ्या रोजच्या जीपवाल्यानं आपल्या दाराची कडी लावली.