तेरच्या रस्त्यावर वाचलेली सात मिनिटं

धाराशिव ते तेर हे आम्हा नवरा-बायकोचं रोजचं अप-डाऊन. ती तिथं शाळेत शिक्षिका, मी जनावरांच्या दवाखान्यात. घरात आईवडील, पोरं, पाहुणेरावळे. दोघांना बोलायला फुरसत मिळायची ती फक्त गाडीत. उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो की ती निवांत सुरू व्हायची. मुख्याध्यापकांचा तोरा, धाकट्याचा अभ्यास, माहेरचं काहीबाही. मी मात्र स्टिअरिंगवर बोटं आपटत ट्रॉलीवाल्याचा उद्धार करायचो. मुळातच तापट माणूस.

शेवटी सोलापूरला जाऊन गाडीला चिप मारून घेतली. म्हणायला चिप; खरं तर लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरातलं डिझेलचं आणि टर्बोचं गणित बदलतात. फरक पडतो का? पडतो की. खोटं कशाला बोलू? पाय ठेवला की गाडी उधळायची, दोन-दोन ट्रॉल्या एका दमात मागं. धूर वाढेल, क्लच लवकर झिजेल, असं मेकॅनिकनं बजावलं होतं, पण ऐकतंय कोण? रोजची सात मिनिटं वाचायला लागली आणि ते मी दवाखान्यात येईल त्याला सांगत सुटलो.

ओव्हरटेक करताना बोलणं जमत नाही. तिनं काही विषय काढला की मी हातानंच थांब म्हणायचो. हळूहळू तिनं विषय काढणंच सोडलं. मला वाटलं, वेगाला भीत असेल, होईल सवय.

मग एका सोमवारी ती माझ्याआधीच निघाली, एसटीनं. मंगळवारीही तेच. बुधवारी मी तिला दारातच अडवलं आणि भडकून विचारलं, एवढी पळणारी गाडी असताना त्या खटाऱ्यात कशाला मरायला जातेस?

चपला घालता घालता ती म्हणाली, "एसटीत शेजारची बाई बोलते तरी माझ्याशी."

लई लागलं ते. रविवारी सोलापूर गाठलं. मेकॅनिकला वाटलं, गाडी बिघडली. म्हटलं, गाडी झकास आहे, पण होती तशी करून द्या. त्यानं डोकं खाजवत परत लॅपटॉप जोडला.

सोमवारी गाडीचं दार उघडून उभा राहिलो. गाडी पहिल्यासारखी करून आणलीय, चल, म्हणालो. तिनं पर्स खांद्याला अडकवली.

"अहो, महिन्याचा पास काढलाय. संपू द्या, मग बघू."

तेव्हापासून मी एकटाच जातो, गुमान ट्रॉलीच्या मागनं. पास संपायला अजून आठ दिवस आहेत, आणि तिला सांगायचं माझ्याकडंच लई साचलंय.