सात नंबरची सीट

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला शिकवलं नाही. ते बस चालवायचे. एकतीस वर्षं एकाच कंपनीची बस, फेरीही तीच. सकाळी सातला शहरातून निघायचं, दिवसभरात पाच पवित्र ठिकाणं दाखवायची आणि दिवेलागणीला माणसं जागच्या जागी आणून सोडायची. दोन जुनी चर्चं, एका संताची कबर, मरियामातेचा झरा आणि सगळ्यात शेवटी डोंगरावरचं लहानसं चर्च. प्रत्येक ठिकाणाहून निघताना हे गृहस्थ ड्रायव्हरच्या सीटजवळ उभे राहून, हवेत बोट नाचवत, एकेक डोकं मोजायचे. आकडा यादीशी जुळल्याशिवाय चावीला हात नाही. मग गाईड कितीही चरफडो, नाहीतर हॉटेलवाला जेवण गार झालं म्हणून फोनवर फोन करो. डेपोतल्या टवाळांनी त्यांचं नाव शिरगणतीमास्तर पाडलं. पुढे शिरगणती गळून गेली आणि मास्तर तेवढे उरले.

मास्तर म्हटल्यावर बायको ओघानंच मास्तरीणबाई झाली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. हाताला इतकी सवय जडलेली, की घरातल्या पिशव्या, वर्तमानपत्रं, औषधांचे रिकामे कागदसुद्धा चौपदरी होऊनच पडायचे. संध्याकाळी मास्तर घरी आले, की बूट काढता काढता सांगायचे, "आज छत्तीस. सगळी आणली." ती म्हणायची, "देवाची कृपा," आणि ताट वाढायला घ्यायची. इतर नवराबायको काय काय बोलत असतील ते असो, या दोघांचं रोजचं बोलणं हे एवढंच. वर्षातून एकदा मात्र ती म्हणायची, "अहो, मलाही न्या की कधीतरी." आणि मास्तर म्हणायचे, "नेतो की. पुढच्या सीझनला."

एकतीस पुढचे सीझन आले आणि गेले. आता बोला! माणूस वाईट नव्हता हो. व्यसन नाही, घरात कधी चढा आवाज नाही. पण घरचं माणूस बसमध्ये असलं की लक्ष विभागतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि खरी गंमत अशी, की या पाच ठिकाणांत मास्तरांनी स्वतःही कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ड्रायव्हरनं बस सोडायची नाही, हा कंपनीचा नियम. इतरांनी तो कधीच धाब्यावर बसवला होता, मास्तरांनी तळहाताच्या फोडासारखा जपला. लोक आत प्रार्थना करत असले की हे बाहेर काच पुसत असायचे. डोंगराच्या चर्चला मात्र न चुकता सांगायचे, "बासष्ट पायऱ्या आहेत, दमानं चढा." स्वतः एक पायरी चढलेले नाहीत, कुणाकडून तरी ऐकलेलं!

एकतीस वर्षांत एकही माणूस मागे राहिला नाही. मास्तरांना कसला गर्व असेल तर याचा.

निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत मास्तरीणबाईला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं, पेनानं एका झडपेवर फुली मारली आणि म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही, औषधांवर चालेल तितके दिवस चालवू. घरी येताना रिक्षात तिनं त्या कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "अहो, आता तरी न्या."

मास्तर दुसऱ्याच दिवशी डेपोत गेले. कंपनीनं जुन्या माणसाचा मान ठेवला. दोघांना पास दिला, सीट नंबर सात आणि आठ. यादीत प्रवासी अठ्ठावीस, हे दोघं पाहुणे, यादीच्या बाहेर.

त्या सकाळी मास्तरीणबाईनं राखून ठेवलेली निळी साडी नेसली आणि खांद्यावर शाल घेतली. खिडकीची सात नंबरची सीट तिची. पहिलं चर्च येईपर्यंत मास्तर तिच्याशेजारी कसेबसे बसले. अंगावर कुणी मुंग्या सोडाव्यात तसे चुळबुळत होते. दर वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. चर्चपाशी दोघं उतरली, फाटकापर्यंत जोडीनं गेली. तिथं मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "यानं बघ कशी लावलीय गाडी! निघताना आरसा मोडून घेणार. तू हो पुढं, मी आलोच."

आलेच नाहीत. नवा ड्रायव्हर मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला, चांगला चाळिशीचा बाप्या. पण गुरूला पाहून त्यालाही चेव आला. "मास्तर, जरा हा आवाज ऐका, मास्तर, हा गिअर बघा." दुसऱ्या ठिकाणापासून मास्तर पुढच्या क्लीनरच्या सीटवर जाऊन बसले ते बसलेच. आठ नंबरच्या सीटवर पाण्याची बाटली आणि डबा. संताच्या कबरीपाशी तिनं एकटीनं मेणबत्ती लावली. झऱ्यावरून येताना तिनं बाटलीच्या झाकणात चार थेंब पाणी आणलं, सांडू नये म्हणून पावलं मोजत आणलं, आणि खिडकीतून मास्तरांच्या कपाळाला लावलं. "तुमचा जीव इथंच अडकलाय, तर म्हटलं झराच आणावा इथं." मास्तर हसले. त्यांना वाटलं, बायको खुशीत आहे.

दुपारी एका झाडाखाली दोघांनी डबा उघडला. पाव आणि उकडलेली अंडी. तिनं अंड्याचं कवच सोललं, अंडं त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः खाल्लं नाही.

"शेवटच्या ठिकाणी तरी वर याल ना?" ती म्हणाली. "तिथले फादर तीन वाजता जोडप्यांना आशीर्वाद देतात. हात हातात घेऊन उभं राहायचं, बास. तुम्हीच सांगायचात, लोक रडत खाली येतात म्हणून. मी ते ऐकत आलेय इतकी वर्षं."

"येईन म्हणजे काय, येणारच."

"बघा हं. मला आता पुढचा सीझन नाही."

मास्तरांनी अंडं डब्यात परत ठेवलं. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बस पेटली तरी मागे बघणार नाही." आणि त्या क्षणी त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं, हेही सांगायला हवं.

बस पेटली नाही. नुसती फुसफुसली. पावणेतीनला डोंगरावर गाडी थांबली आणि पुढच्या चाकापाशी हवा सुटल्याचा बारीक आवाज आला. ब्रेकच्या नळीचा सांधा ढिला झाला होता. नवा ड्रायव्हर म्हणाला, "मी बघतो मास्तर, तुम्ही जा." पण मास्तरांचा कान त्या आवाजाला चिकटला. उतार उतरायचाय, अठ्ठावीस माणसं आहेत, ब्रेकशी खेळ नको.

"अगं, तू हळूहळू चढायला लाग. पाच मिनिटांत गाठतो तुला."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ऊन होतं म्हणून शाल काढली, घडी करून सात नंबरच्या सीटवर ठेवली आणि लाल छत्रीवाल्या गाईड मुलीचा हात धरून पायऱ्या चढायला लागली. मास्तर गाडीखाली शिरले. तिथं शिरलं की घड्याळ बंद पडतं हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, देवालाही ठाऊक असणार. नाही कळलं ते मास्तरांना.

सांधा आवळून, आवाज पुरता बंद करून ते बाहेर आले, तेव्हा लोक खाली येऊन बसत होते. कुणी डोळे पुसत होतं, कुणी फोटो बघत होतं. छत्रीवालीच्या कानाला फोन. पुढच्या हॉटेलवाल्यानं तिचं डोकं खाल्लं होतं. ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "काका, तुम्हीच मोजा ना तेवढं."

झालं! याहून मोठा मान कोणता? मास्तर ड्रायव्हरच्या सीटजवळ उभे राहिले. हात ग्रीसनं काळे, पण बोट तसंच नाचलं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. यादीत अठ्ठावीस. जुळलं.

"सोड गाडी," मास्तर म्हणाले.

एकतीस वर्षं ज्या डोक्यांचा हिशोब त्यांनी ठेवला त्यात बायकोचं डोकं कधी नव्हतंच. ती घरी असायची. मोजायचं ते परक्यांना. बोटाला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं.

डोंगर उतरून बस सपाटीला लागली. ब्रेक झकास लागत होते. मास्तरांनी रुमालाला हात पुसले, सुखाचा सुस्कारा सोडला आणि रोजच्यासारखं, अगदी रोजच्यासारखं, मागे वळून म्हणाले, "अगं, अठ्ठावीस. सगळी आणली."

सात नंबरच्या सीटवर शाल होती. चौपदरी.

बसमध्ये कुणीतरी किंचाळलं. ते आपणच, हे मास्तरांना नंतर कळलं. छत्रीवाली पांढरीफटक पडली. "त्याच म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, हे येताहेत वर, आम्ही दोघं मागून येतो. मला वाटलं तुम्ही आणलंत त्यांना." तिचा काय दोष! नव्या ड्रायव्हरनं पेट्रोलपंपावर गाडी माघारी वळवली. वीस मिनिटांची चढण. मास्तर दाराच्या दांड्याला धरून उभे.

पायऱ्या ते धावत चढले. पासष्टीचा माणूस, दोनदा गुडघ्यावर आपटला. वर चर्चचं दार बंद. फादर दुसऱ्या गावच्या प्रार्थनेला निघून गेलेले. दारासमोरच्या दगडी पायरीवर ती बसली होती, मांडीवर हातरुमालाची घडी. ओठ निळसर दिसत होते.

"आलात?" ती म्हणाली. "किती भरले?"

"अठ्ठावीस."

"मग बरोबर आहे की यादी." ती हसली, आणि त्या हसण्यानं मास्तरांचं काळीज फाटलं. ते तिच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "मी विसरलो गं तुला. मी तुलाच विसरलो."

"विसरायला आधी मोजावं लागतं," ती म्हणाली. रागानं नाही, दमून. मग जरा थांबून म्हणाली, "फादर भले माणूस. मला एकटीला बघून विचारलं, तुमचे यजमान? मी म्हटलं, येताहेत. ते थांबले बिचारे. सगळी जोडपी हात धरून ताटकळत उभी. पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. मग मीच म्हटलं, घ्या उरकून."

मास्तरांनी तिचा हात धरला, उठवलं, बंद दाराकडे तोंड केलं. "आपण उभं राहू इथंच. देव काय दाराआडून ऐकत नाही?"

तिनं हात सोडवून घेतला. हातरुमालानं त्यांच्या बोटांवरचं ग्रीस पुसायला लागली, एकेक बोट. "नको आता. माझ्यात उभं राहायचं बळ नाही. चला, लोक खोळंबलेत."

परतीच्या वाटेवर मास्तर आठ नंबरच्या सीटवर बसले. उजवा पाय हलला नाही. तिनं खिडकीला डोकं टेकलं होतं. त्यांनी हळूच ते आपल्या खांद्यावर घेतलं, ती झोपेतच पुन्हा खिडकीकडे कलली.

पाच आठवड्यांनी ती गेली. ज्या इस्पितळाच्या चादरींच्या तिनं घड्या घातल्या, तिथल्याच चादरीवर. शेवटच्या दिवसांत ती मास्तरांशी नेहमीसारखंच बोलायची, औषध, दूध, गॅसचा नंबर. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मास्तरांची छाती झाली नाही. माफ केलं की नाही, हे विचारायचं राहून गेलं. आता कुणाला विचारणार?

पुढच्या सीझनला मास्तर पुन्हा डेपोत गेले. या वेळी पास मागितला नाही, रीतसर दोन तिकिटं काढली, सात आणि आठ. छत्रीवालीनं काही विचारलं नाही. मास्तर आठवर बसले, सातवर शाल ठेवली. या खेपेला ते प्रत्येक ठिकाणी आत गेले. कबरीपाशी मेणबत्ती लावली. झऱ्याचं पाणी झाकणात घेऊन बसपर्यंत आणलं, मग ते कुणाला लावायचं ते कळेना, म्हणून झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. निघताना नव्या ड्रायव्हरनं जुन्या मायेनं हाक मारली, "मास्तर, मोजता का?"

"नको रे," मास्तर म्हणाले. "मला मोजता येत नाही."

डोंगराच्या पायऱ्या ते दमानं चढले. बासष्ट नव्हत्याच त्या, सत्तर होत्या. आठ पायऱ्या जास्तीच्या, त्या झडपेवर फुली मारलेल्या हृदयानं चढलेल्या. मास्तर शेवटच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिले.

तीन वाजता फादरांनी जोडप्यांना पुढे बोलावलं. हातात हात घेऊन माणसं उभी राहिली. मास्तर रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले, एक हात पुढे केलेला, घासून घासून स्वच्छ धुतलेला. फादर त्यांच्यापाशी आले, शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "आपल्या पत्नी?"

"येतेय," मास्तर म्हणाले.

फादर थांबले.