घरची मूठ

माझ्या बायकोकडं जुनी गादी भरायला आली की ती आधी कापसाचा वास घ्यायची. मूठभर कापूस नाकाला लावायची आणि गिऱ्हाइकासमोरच सांगायची, "तुमच्या घरात कुणीतरी तंबाखू खातंय. आणि एक लेकरू अजून गादी ओली करतंय." गिऱ्हाईक ओशाळायचं. मी म्हणायचो, "तुला कुणी विचारलं?" ती म्हणायची, "कापसानं सांगितलं. मी फक्त ऐकलं." आणि सुई पुन्हा चालू.

ती गेल्याला आता चार महिने होत आले. तिची गादी माझ्याच तोंडामुळं घरातून गेली आणि ती परत आणायला मी निघालो, त्याचं हे लिहून ठेवतो. शाळा तिसरीपर्यंतच झाली. चुकलं तर चुकलं.

आम्ही पिंजारी. लातुरात आजाच्या काळापासून गाद्या भरतो. कापूस मी पिंजायचा, टाके तिनं घालायचे, ही वाटणी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच झाली. मला टाके येत नाहीत असं नाही. येतात, पण बैल मुतल्यासारखे वाकडे. हे तिचेच शब्द. तिचा टाका दोरी लावून घातल्यासारखा सरळ जायचा आणि दोरी तिनं कधी लावली नाही. गादी झाली की उशाकडच्या दोन्ही कोपऱ्यांत लाल दोऱ्याचा एकेक टाका घालायची. म्हणजे उसा कुठला आणि पायथा कुठला ते अंधारातही हाताला कळावं. "काल जिथं पाय होते तिथं आज डोकं नको," म्हणायची.

आमच्याकडं एक रीत होती. आता मशीन आली, फोम आला, कुणी पाळत नाही. नवी गादी भरायची असली की गिऱ्हाईक घरच्या जुन्या गादीतला मूठभर कापूस घेऊन यायचं. तो नव्या कापसात मिसळायचा. नाहीतर गादी परकी राहते, तिच्यावर झोप लागत नाही, असं बाया म्हणायच्या. त्याला नाव घरची मूठ. मी काही मानत नव्हतो. कापूस तो कापूस. पण गिऱ्हाइकाशी भांडून धंदा होत नाही, म्हणून गप बसायचो.

भूकंप झाला त्या पहाटे आमचं घर नुसतं हललं. मांडणीवरची भांडी पडली, एक भिंत चिरली. औशाकडची, निलंग्याकडची गावं मात्र झोपेतच दगडाखाली गेली. पुढं तिथं पत्र्याची शेडं उभी राहिली. बाहेरून ट्रक भरभरून कपडे आले, रस्त्याच्या कडंला ढीग पडले. पण जमिनीची ओल लुगड्यानं थांबत नाही. एका व्यापाऱ्यानं कापूस दिला, कापड दिलं आणि आम्हाला म्हणाला, तिथंच जाऊन बसा आणि भरा. मी पिंजण खांद्यावर घेतली, तिनं दाभण आणि दोरा पिशवीत टाकला. रोज जायचो, रोज यायचो.

पहिल्याच दिवशी एक म्हातारी माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या घरातली ती एकटीच उरली होती. कापूस फुलला, मी खोळीत भरायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"थांब बाबा. घरची मूठ न्हाई."

"मावशी, कापूस चांगला आहे. नवा आहे."

"नवा हाय ते दिसतंय मला. घरची मूठ कुठून आणू? घर दगडाखाली हाय."

मी पिंजण खाली ठेवली. बायको तिकडून म्हणाली, "हिची उद्या भरू."

दुसऱ्या दिवशी तिनं रुमालाची गाठ सोडली. आत मूठभर कापूस. तिच्या स्वतःच्या गादीतला. म्हातारीच्या हातावर ठेवला.

"घे मावशी. घरचाच हाय."

"कुणाच्या घरचा?"

"कापूस काय नाव सांगतोय व्हय? घरचा हाय म्हणलं ना."

हीच बाई गिऱ्हाइकांना कापसावरून घरातली तंबाखू सांगायची. मी हसू दाबलं. म्हातारीनं कापूस नाकाला लावला, बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाली, "भर."

एकीला दिल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार. शेडातल्या बाया रांगेनं बसायच्या आणि बायको घरून रोज गाठोडं आणायची. महिनाभरात तिच्या गादीचा पापड झाला. मी चिडलो. "फरशीवर झोपतीस का आता?" तर म्हणाली, "तुमची गादी शाबूत हाय न्हवं? मग तुम्ही कशाला वरडताव?" ती बाजारात गेली की मी गुपचूप तिच्या गादीची एक कड उसवायचो, चांगला कापूस कोंबायचो आणि वरून टाके घालायचो. ती आली की नुसती नजर टाकायची. "बैल इकडं बी येऊन गेला वाटतं." पण कापूस काढायचं काही थांबवलं नाही.

शेडं मोडली, पक्की गावं बसली. तिची सवय तशीच राहिली. मग लातुरात शिकवण्या वाढल्या आणि गल्ल्याच बदलल्या. ज्याच्या त्याच्या घरावर मजला चढला, मजल्यावर खोल्या, खोलीत लोखंडी पलंग. नांदेडहून, मुखेडहून, शिरूर अनंतपाळहून, कुठून कुठून लेकरं यायला लागली. जून आला की आमच्या दारात बापाच्या डोक्यावर पेटी, आईच्या हातात लोणच्याची बरणी आणि मधी पोरगं नाहीतर पोरगी, तोंड पाडून. गादी लगेच पाहिजे, संध्याकाळी आईबापाची एसटी आहे.

बायको विचारायची, "घरची मूठ आणली का?"

"ते काय असतंय?"

ती उठून आत जायची आणि मूठ भरून आणायची. लेकराला विचारायची, "पालथं झोपतोस का कुशीवर?" कुशीवर म्हणालं की खांद्याखाली जास्त कापूस. एकदा एका पोरीला म्हणाली, "डॉक्टर होणार म्हण की. मग माझी कंबर तूच बघ. तोवर ही गादी तुझी कंबर बघती." रडवेली पोर हसली. पुढच्या वर्षी गादी भरायला तीच पोर आली, तेव्हा मी दारात बसलेला असून म्हणाली, "घरी कुणी नाही का?" म्हणजे मी कुणीच नाही.

थोरल्या पोरानं पुढच्या खोलीत फोमचं दुकान टाकलं. बायको फोमवर बोट दाबायची, सोडायची. "हा माणसाला विसरतोय बघ. दाबलं, सोडलं, काय झालंच न्हाई." पोरगा म्हणायचा, "अम्मी, गिऱ्हाइकासमोर नको."

मी एकदा तिला म्हणालो, "इतक्या वेळा काढलीस, इतक्या वेळा मी भरली. तुझ्या गादीत आता तुझं राहिलं काय?"

"टाके," म्हणाली. आणि चहा बशीत ओतून माझ्यापुढं सारला.

वैशाखात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, चौथ्या दिवशी मी एकटा. पोरानं विचारलं, अम्मीच्या कपड्यांचं काय करायचं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या वस्तू गरजवंताला देतात. मी तेव्हा माणसात नव्हतो. म्हणालो, "तिचं काही माझ्या डोळ्यापुढं ठेवू नका." चाळिसावा झाला आणि लेकीकडं अहमदपूरला जाऊन राहिलो. परत आलो तर माझ्या गादीशेजारची फरशी रिकामी.

"गादी कुठाय?"

"कुठली?" थोरला म्हणाला.

"तुझ्या अम्मीची."

"अब्बा, तुम्हीच म्हणला होता सगळं द्या म्हणून."

"कपडे म्हणलो होतो."

"कपडे म्हणला नव्हता. काही ठेवू नका म्हणला होता."

पोरगं खरं बोलत होतं. राग त्याचाच आला.

आतून सून म्हणाली, "मागच्या गल्लीत मुखेडची एक बाई येऊन राहिलीय. पोरीला शिकवणी लावलीय, तिला करून घालायला. पोरगी पलंगावर आणि ही खाली सतरंजीवर. कंबर धरून चालायची. मीच नेऊन दिली. अम्मी असत्या तर त्यांनी तरी काय केलं असतं?"

त्या रात्री मी जेवलो नाही, एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी पिंजण खुंटीवरून काढली. ठरवलं, त्या बाईला नवी कोरी गादी द्यायची आणि तिची परत आणायची. फसवणूक नाही, उलट तिचा फायदा. पोरगा म्हणाला मशीनवर तासात होईल. मी म्हणालो, तुझी मशीन तुझ्यापाशी ठेव. चांगल्यातला चांगला कापूस घेतला, सरकीचा एक कण राहू दिला नाही. हात आता दुखतो, चार दिवस लागले. टाके मीच घातले. कसे आले ते सांगत नाही.

गादी खांद्यावर टाकून सकाळी मागच्या गल्लीत गेलो. जिना चढेपर्यंत दम लागला. गच्चीवर ती बाई मेथी निवडत बसली होती, खोलीतून पोरीच्या पाठांतराचा आवाज येत होता. आणि कठड्यावर उन्हात गादी. लाल टाके दिसले आणि मी खांद्यावरची गादी खाली ठेवून तिच्यावरच बसलो.

"काय हो चाचा? पाणी देऊ का?"

पाणी प्यालो. म्हणालो, "मी गादीवाला. ही नवी आणलीय तुमच्यासाठी. ती जुनी द्या बदली."

तिनं माझ्याकडं बघितलं, नव्या गादीकडं बघितलं. "का म्हणून?"

"जुनी झाली ती."

"होऊ दे की. पंधरा दिवस झाले, माझी पाठ पहिल्यांदा गप हाय. घरी शेतात वाकून वाकून पार मोडली होती. नवी नको मला. नवी गादी म्हंजे नवी सासू, तिची सवय होईस्तोवर जीव जातंय."

मी कठड्यावरच्या लाल टाक्यांकडंच बघत होतो. ती मेथी निवडायची थांबली.

"कुणाची होती ही?"

"आमच्या घरातली."

"गेल्या?"

"हाव."

ती झटकन उठली, कंबरेवर हात ठेवून, आणि कठड्यावरची गादी ओढायला लागली. "न्या, न्या चाचा. मला काय ठावं. तुमची सून बोलली न्हाई काही. मी सतरंजीवर झोपते, त्यात काय."

आता ती देत होती. घ्यायला आलो होतो आणि घेता येईना. मला ते शेड आठवलं, ती म्हातारी आठवली, रुमालाची गाठ आठवली. ही गादी घरी नेली असती तर बायकोनं मला दारात उभं केलं नसतं.

"राहू द्या," म्हणालो. "तुमच्या पाठीला मानवलीय ती. मला त्यातली एक मूठ कापूस द्या."

"मूठभर? काय करताव मूठभर घेऊन?" मग तिलाच आठवलं. "अगं बाई. घरची मूठ व्हय? माझी आजी म्हणायची की. मला वाटलं आमच्याच गावात असतंय हे."

तिनं पोरीची कात्री आणून दिली. उशाकडं हात गेला आणि थांबला. ते टाके तिचे होते. एकही उसवायचा नव्हता. मग कड फिरवून बघितली तर खालच्या बाजूला वीतभर शिवण सापडली, माझी, वाकडी. ती उसवली. मूठ भरून घेतली, रुमालात बांधली आणि खिशातला सुईदोरा काढून पुन्हा शिवली.

बाई वाकून बघत होती. "चाचा, सगळी शिवण सरळ, आणि इथंच कशी हो अशी?"

"बैल आला होता," म्हणालो.

तिला काही कळलं नाही. चहा ठेवते म्हणाली. ठेवला. बशीतून प्यालो.

घरी आलो तेव्हा खांद्यावर नवीच गादी बघून सुनेनं विचारलं, "दिली नाही का त्यांनी?"

"देत होती."

बाकी तिनं विचारलं नाही, चांगली आहे पोर. मी नवी गादी उसवली. रुमाल सोडला, कापूस नाकाला लावला. मला काही तिच्यासारखं ऐकू येत नाही. उन्हाचा वास आला, थोडा मेथीचा आला. बराच वेळ तसाच धरून बसलो. मग स्वतःलाच म्हणालो, भर. मूठ आत घातली, शिवण घातली आणि उशाकडच्या कोपऱ्यांत लाल टाके घातले. गादी फरशीवर टाकली, तिच्या जागी, आणि दुपारचा तिथंच आडवा झालो.