मंदारच्या यार्डातला बेल

टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोच्या ग्रुपचं एक बरं आहे. काम कधी वेळेत होत नाही, पण किस्सा हमखास होतो! या उन्हाळ्यात मंदारचं यार्ड साफ करायला आम्ही तीन घरं दर शनिवारी जमायचो. तण राहिलं बाजूला, किस्सेच ढीगभर जमले.

कारण साधं होतं. मंदार आणि श्रुतीने नवीन घर घेतलं, आणि त्याच सुमारास त्यांची ईरा रांगायला लागली. हाताला लागेल ते थेट तोंडात! आधीच्या मालकाने मागे जंगलच वाढवलेलं. त्यातलं विषारी ते सगळं निघेपर्यंत ईराला बाहेर आणायचं नाही, असा मंदारचा हुकूम. आम्ही थट्टा करायचो, पण तो खरंच घाबरला होता.

*

टेक्सासमधल्या विषारी झाडांची यादी त्याने प्रिंट करून फ्रिजवर लावली. नागपूरहून आलेल्या त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, वाचून दाखवली. कण्हेर, धोतरा...

काकूंनी मध्येच अडवलं. "काहून रे, ही विषारी झाडांची यादी आहे का महादेवाच्या पूजेची?"

*

पुण्याचा सुधीर म्हणजे आमचा सेफ्टी एक्स्पर्ट. भर जुलैच्या रणरणत्या उन्हात रेनकोट, पोहण्याचा गॉगल आणि ओव्हनचे ग्लव्हज घालून धोतरा उपटायला हजर! कुंपणापलीकडच्या आजोबांनी दचकून विचारलं, "गॅस लीक?"

"नो नो, जस्ट गार्डनिंग!"

आजोबांनी आधी कुत्रा आत नेला, मग खिडक्या लावून घेतल्या.

*

कण्हेर मी काढली. दोन शनिवार गेले, कंबरेची पार वाट लागली. आणि आठवड्याभरात एचओएचं, म्हणजे तिथल्या सोसायटीचं, पत्र आलं. मंजूर झुडूप विनापरवानगी काढल्याबद्दल नोटीस!

ते झाड विषारी आहे, असं मंदारने फोन करून कळवलं. पलीकडून बाई म्हणाल्या, "येस, बट सो प्रिटी!"

*

श्रावणी सोमवारी काकू कुंपणाकडून ओंजळ भरून आल्या. "अरे बाप्पा, अमेरिकेत बेल!" तीन-तीन पानांची, एकशे आठ मोजून तोडलेली. श्रुती किंचाळलीच. ते पॉयझन आयव्ही होतं, नुसता हात लागला तरी बाधणारा विषारी वेल!

दोन दिवसांत काकूंचे हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. इतकी पानं हाताळली तरी कशाला, असं अर्जंट केअरच्या डॉक्टरने विचारलं.

मंदार म्हणाला, "शी वॉज ऑफरिंग देम टु गॉड."

डॉक्टर गंभीर झाला. "अँड... इज गॉड ओके?"

*

ऑक्टोबरात शेवटचा वेल निघाला आणि ईराला पहिल्यांदा गवतावर ठेवलं. आम्ही सगळे भोवती श्वास रोखून बसलो. ती थोडी रांगली, थांबली आणि तिने कसलंसं हिरवं पान तोडलं.

"ईरा, नो!" मंदार ओरडला.

तिने पानाकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. मग तुरुतुरु रांगत त्याच्या मांडीवर चढली आणि ते पान त्याच्याच तोंडाशी धरलं. "मम्!"

दुकानातली कोथिंबीरसुद्धा ॲपवर फोटो काढून तपासणाऱ्या मंदारने मुकाट्याने आ केला.